कांदळवन बघायचं तर आधी तिथी बघा

रेल्वेचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा. खाडीत यायचं तर हे पहिलं काम. माझं सासर मालवणजवळ, कर्ली नदीच्या खाडीकाठचं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आता घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. पाहुणे आल्या आल्या विचारतात, "काकू, बोट किती वाजता?" मी विचारते, "तुम्ही तिथी कोणती धरून आलात?" बरेच जण हसतात. मग भर बाराला, पाणी तुडुंब असताना, मोटारबोटीतून एक चक्कर मारून येतात आणि जेवताना म्हणतात, "नुसती झाडंच होती हो." त्यांचं चुकत नाही. भरलेल्या पाण्यात कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, फक्त डोकी वर असतात. मुळं, चिखल, खेकडे, निवट्या, म्हणजे ज्यासाठी यायचं ते सगळं पाण्याखाली असतं.

तेव्हा हिशोब आधी शिकून घ्या. आमच्याकडचे गाबीत मच्छीमार तो बोटांवर करतात आणि पूर्वी भूगोलाच्या तासाला आम्ही तो पोरांकडून पाठ करून घ्यायचो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, मोजायचं प्रतिपदेपासून. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतं.

आता यातून आपल्या सोयीचा दिवस काढायचा. सकाळी ऊन चढायच्या आत ओहोटी हवी, आणि ती उधाणाच्या दिवसांतली हवी. उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं, चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस यात बरोबर बसतात. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. तृतीयेला आठ. चतुर्थीला पावणेनऊ. थोडक्यात विनायकी किंवा संकष्टी कोणत्या वारी आहे ते बघून, तिच्या आदल्या दिवसापासून सुट्टी टाका. (संकष्टीला घरात मासे शिजत नाहीत अशा ठिकाणी उतरणार असाल तर तृतीयाच बरी. खाडीवर येऊन साबुदाण्याची खिचडी खाणं माझ्या तरी जिवावर येतं.) अष्टमीच्या आसपास येऊ नका. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी धड चढत नाही की उतरत नाही, आणि ओहोटी येते ती टळटळीत दुपारी.

सकाळ जमतच नसेल तर त्रयोदशी बघा. तेव्हा पावणेदहाची भरती आणि दुपारी चारला ओहोटी. ऊन कलतीला लागलेलं असतं, फोटो चांगले येतात. मात्र परतताना चिलटं फोडून काढतात.

पाऊणपटीचा हिशोब दिवस ठरवायला पुरतो, होडीत पाय टाकायला पुरत नाही. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, एखादी नुसती नावाची असते. म्हणून दिवस ठरला की मोबाईलवर मालवण किंवा वेंगुर्ल्याचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा आणि वेळेशेजारी मीटरचा आकडाही बघा. आमच्याकडे उधाणाला पाणी दोनेक मीटर हलतं. मुंबईत ते चार मीटरच्या वर जातं, त्यामुळे मुंबईच्या तक्त्यावर मालवणचा बेत आखू नका. आणखी एक. तक्ता समुद्राच्या तोंडाचा असतो. खाडीत आत पाच-सहा किलोमीटर गेलात तर पाणी तिथे उशिरा पोचतं आणि उशिरा सुटतं. किती उशिरा, ते त्या खाडीत रोज होडी घालणाऱ्यालाच ठाऊक. त्याला आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं.

आदल्या संध्याकाळी म्हणजे मुक्काम आलाच. मुंबईहून कोकणकन्या सकाळी कुडाळला पोचते, तिथून मालवणची एसटी घेतली तर तासाभरात मालवण, पुढे तारकर्ली-देवबागला रिक्षा. इतकं होईपर्यंत त्या दिवशीची ओहोटी हातची गेलेली असते. चिपीला विमानतळ झाल्यापासून काही जण सकाळी उतरून संध्याकाळी परत जायचं म्हणतात. त्यांनी किल्ला बघावा. कांदळवनासाठी एक रात्र काठावर झोपावंच लागतं.

जागेचा भूगोल दोन वाक्यांत. ओडिशातल्या चिलिकासारखं मोठं खारकच्छ, म्हणजे वाळूच्या पट्टीने समुद्रापासून तुटलेलं खारं सरोवर, आपल्याकडे नाही. कोकणात डोंगर समुद्राला लागून आहेत, म्हणून इथे नद्यांच्या मुखातून समुद्र आत शिरून झालेल्या खाड्या. पण देवबागला त्याच्या जवळचं काहीतरी दिसतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, मध्ये माडांची अरुंद वाळूची पट्टी. समुद्राच्या बाजूला लाटांचा आवाज, आणि चार पावलं चालून खाडीच्या बाजूला आलात की पाणी मुकाट. त्या मुकाट पाण्याच्या कडेला, लाटांचा मारा नाही आणि नदीचा गाळ साचतो तिथे, कांदळवन उगवतं. संगमावर गेलात की 'त्सुनामी आयलंड' म्हणून वाळूचा एक दांडा दाखवतात. तो २००४च्या त्सुनामीने वर आला असं सांगतात. तिथे वॉटर स्पोर्ट्सची जत्रा असते. जायचं तर जा, पण कांदळवनाच्या सकाळी नको. इंजिनांचा आवाज कानात बसला की पुढे तासभर पक्षी ऐकू येत नाही.

आता होडी. वल्ह्याची हवी. मोटारबोट सांगणारे स्वस्तात जास्त फिरवतो म्हणतील, ते खरंही असतं, पण आपल्याला जास्त फिरायचं नाहीये. फार तर मुख्य पात्र ओलांडेपर्यंत इंजिन, आणि कांदळाच्या तोंडाशी आल्यावर ते बंद करून वल्ह्यावर किंवा बांबूवर, असं ठरवून घ्या. ठरवताना तीन गोष्टी बोलून मोकळं व्हा. पैसे माणशी की अख्ख्या होडीचे, वेळ किती, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर घेऊन बसू नका, घाला. खाडी शांत दिसते म्हणून लोक ते काढून त्यावर बसतात. पण ओहोटीला पाणी समुद्राकडे जोरात ओढ घेतं, आणि तळाशी गाळ असा की पाय टेकला तरी उभं राहता येत नाही. होडीत सहाच्या वर माणसं नकोत. लहान मुलं असतील तर एकेक मोठ्याच्या शेजारी, कडेला नको.

होडीवाल्याने "आता फिराक व्हया" म्हटलं की मागे फिरायचं. "पाच मिनिटं, एक फोटो" असलं काही नाही. पाणी सुकतीला लागलेलं असताना अरुंद व्हाळात, म्हणजे ओढ्यात, शिरलेली होडी टेकली, तर पुढचे तीन-चार तास तुम्ही, होडी आणि डास. म्हणून होडी नेणारे माझे दीर उलटा क्रम धरतात, आणि मला तो पटतो. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि मोठ्या पात्राच्या कडेकडेने जात उघडा चिखल बघायचा. पाणी थांबतं त्या पंधरा-वीस मिनिटांत एका जागी उभं राहायचं. मग भरती लागली की पाण्याबरोबर आतल्या व्हाळात शिरायचं. तेव्हा मिनिटागणिक पाणी वाढतच असतं, अडकायची भीती नाही. सगळं मिळून तीन तास धरा.

अंगावर पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, मातकट किंवा हिरव्या रंगाचे. पांढरा शर्ट घालून आलात तर बगळे तुम्हाला आधी बघतील आणि शर्ट पुन्हा पांढरा होणार नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी स्लीपर चिखल गिळतो, ती परत मिळत नाही. अनवाणी तर अजिबात उतरू नका. मुळांना आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्याची धार ब्लेडला हार जाणार नाही, आणि खाडीच्या चिखलात झालेली जखम चिघळते. कापलंच तर लगेच गोड्या पाण्याने साबण लावून धुवा आणि गावातल्या डॉक्टरांना दाखवा. टोपी घ्या, पण दोरी असलेली. पाणी स्टीलच्या बाटलीत. दुर्बीण असेल तर उत्तम, एका कुटुंबात एक पुरते. आणि निघण्याआधी घरी बाथरूमला जाऊन या. खाडीत त्याची सोय नाही हे होडीत बसल्यावर आठवणारे पाहुणे दर हंगामात असतात.

पाण्यावर आलात की पहिली पंधरा मिनिटं काही दिसणार नाही. डोळ्यांना हिरवं सगळं एकच वाटतं. माझे दीर कमी बोलतात, पण या वेळी त्यांचं वाक्य ठरलेलं आहे: "वायच गप रवा, दिसतला." गप्प बसा. फोन खिशात ठेवा.

आधी झाडं वेगळी करायला शिका, कारण पुढचं सगळं त्यावर लटकलेलं आहे. पाण्याच्या अगदी कडेला, कमानीसारख्या मुळांवर उभा असतो तो कांदळ. खोड जमिनीत न जाता हवेतच संपतं आणि तिथून मुळं चहूकडे वाकून चिखलात उतरतात. त्याच्या फांद्यांना हिरव्या, हातभर लांब शेंगा लोंबताना दिसतील. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत. बी झाडावर असतानाच रुजतं, कित्येक महिने आईच्या अंगावर वाढतं आणि तयार झालं की सुटतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की ते भाल्यासारखं सरळ खाली चिखलात रुततं. ओहोटीला पडलं तर काही रुततातही. पण पुष्कळशी पाण्यात पडतात, आडवी तरंगत जातात, काही दिवसांनी बुडखा जड होऊन पाण्यात उभी होतात आणि जिथे तळ लागेल तिथे मुळं धरतात. भरती लागल्यावर होडीच्या बाजूने अशी एक-दोन वाहत जाताना हमखास दिसतात. बघा, उचलू नका. मुलांना घरी नेऊन कुंडीत लावायची हौस असते. ती चिखलातली जागा सोडून ते रोप मुंबईच्या गॅलरीत काय करणार?

तिवर ओळखायचा तो खालच्या चिखलावरून. झाडाभोवती कित्येक फुटांपर्यंत बोटाएवढे खुंट शेकड्याने वर आलेले असतात. तीसुद्धा मुळंच. खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलं की हवा नसते. तो कुजक्या अंड्याचा वास येतो ना, तो त्याचाच. म्हणून हे झाड मुळं वर काढून ओहोटीच्या वेळी श्वास घेतं. वर्गात मी ही श्वसनमुळं फळ्यावर काढायचे आणि पोरं ती वहीत उतरवायची. खाडीवर आणून दाखवली तेव्हा एकाने विचारलं, "बाई, मग भरतीला काय करतं?" भरतीला वाट बघतं. आत साठवलेल्या हवेवर भागवतं. तिवराचं पान मागून रुपेरी असतं. होडी झाडाखाली आली की पान न तोडता त्याच्यावरून बोट फिरवा आणि बोट जिभेला लावा. खारट लागेल. हे झाड आत घेतलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. ऊन चढल्यावर नीट बघितलंत तर पानावर बारीक कण चमकतात. कांदळाचं तसं नाही, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. एकाच पाण्यात उभी असलेली दोन झाडं, दोघांची रीत वेगळी.

तिसरी चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. तिचीही मुळं खुंटासारखी वर येतात, पण तिवरापेक्षा जाड आणि निमुळती. फळ हिरवं, चपटं, खाली चांदणीसारखी निदलं. फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. फुलांच्या दिवसांत पहाटे गेलात तर चिप्पीखालच्या पाण्यावर पांढरे केसर पसरलेले असतात. सकाळी नऊनंतर आलेल्याला ते क्वचितच मिळतात, पाणी घेऊन जातं.

एवढी तीन ओळखलीत तरी पुष्कळ झालं. किरकिरी, काजळा, सुगंधा होडीवाला दाखवेल. काटेरी पानांची, निळसर जांभळ्या फुलांची मारांडी काठावर भेटेल. तिच्यात हात घालू नका. आणि हुरी, जिला काही जण गेवा म्हणतात, तिची फांदी मोडू नका. तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो.

आता चिखल. ओहोटी पुरी उतरली, पाणी थांबलं, की होडी उघड्या चिखलापासून दहा-बारा फुटांवर उभी करायला सांगा आणि एका चौरस वाराएवढ्या तुकड्यावर नजर ठेवा. जास्त नको. पहिल्यांदा फक्त बिळं दिसतील. मग एका बिळातून लाल-केशरी काहीतरी डोकावेल. हा नर खेकडा, एक डेंगा, म्हणजे नांगी, बेताचा आणि दुसरा अंगापेक्षा मोठा. तो बाहेर येऊन मोठा डेंगा वर उचलतो, खाली घेतो, पुन्हा उचलतो. मादीला बोलावणं आणि शेजाऱ्याला दम देणं, दोन्ही एकाच हातवाऱ्यात. मादीचे दोन्ही डेंगे लहान, ती दोन्हींनी भराभरा चिखल उचलून तोंडात घालते. नराला जेवायला एकच हात, त्यामुळे त्याचं जेवण रेंगाळतं. चिखलातलं खाण्याजोगं घेऊन उरलेल्याच्या बारीक गोळ्या करून ते बाजूला टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी दिसली की समजायचं, घरात माणसं आहेत. तुमची सावली पडली तर सगळे एका क्षणात आत. मग चार-पाच मिनिटं हलायचं नाही, आपोआप वर येतात.

निवटी त्यांच्यात मिसळलेली असते, रंगाने चिखलच. ती आहे मासा, पण चालते. पुढचे पर हातासारखे टेकून अंग पुढे ओढते, मध्येच शेपटीचा झटका देऊन फूटभर उडी मारते. डोळे डोक्याच्या माथ्यावर, आणि ती ते मिटते ते खाली आत ओढून. अंग ओलं असेतोवर कातडीतून आणि कल्ल्यांत धरून ठेवलेल्या पाण्यावर तिचं भागतं, म्हणून अधूनमधून डबक्यात लोळून येते. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचे पर ताठ उभे करून, तोंडं उघडून एकमेकांना दाखवतात. मारामारी क्वचितच होते. आमच्याकडच्या राजकारण्यांना हे सुचत नाही.

कान दिलात तर चिखलातून तडतड आवाज येत असतो. पाहुण्यांना वाटतं बुडबुडे फुटतायत. काही बुडबुडे असतातही, पण टिचकीसारखा जो आवाज असतो तो एका जातीच्या छोट्या कोळंबीचा. ती डेंगा झटक्यात मिटते तेव्हा येतो.

पक्ष्यांसाठी मान वर करायची गरज फारशी नाही. खंड्या नजरेच्या रेषेत, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर असतो. थंडीत काळ्या डोक्याचा खंड्या येतो, तो बघितल्याशिवाय परत जाऊ नका. ढोकरी मुळांत अशी उभी असते की ती उडाल्यावरच कळतं. वर तांबड्या पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार रोजचीच. पोट पांढरं, पंख राखी आणि आकार अंगावर येणारा असला तर तो समुद्री गरुड. उद, म्हणजे पाणमांजर, नशिबात असेल तर. त्यांची विष्ठा काठावरच्या खडकावर दिसते, माशांच्या खवल्यांनी भरलेली. आमच्या दिरांच्या जाळ्यातले मासे तेच पळवतात, त्यामुळे त्यांचं कौतुक घरात जपून करावं लागतं. मगरी बघायच्या असतील तर चिपळूण-खेडकडे वाशिष्ठीच्या खाडीत जा.

ओहोटीला तुमच्याखेरीजही माणसं खाडीत असतात. बायका कोयती घेऊन कालवं काढायला येतात, कुणी मुळे-तिसरे असले शिंपले वेचत असतं, एखादा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून उभा असतो. त्यांची ही कामाची वेळ आहे. न विचारता त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. "मावशी, फोटो काढू?" म्हटलं तर बहुतेक जणी हो म्हणतात, काही पदर सावरून घेतात, एखादी स्पष्ट नाही म्हणते. नाही म्हणजे नाही. पाग टाकणाऱ्याच्या पुढून होडी नेऊ देऊ नका. मासा पळतो, आणि त्याच्या शिव्या तुमच्या होडीवाल्याला बसतात.

कायद्याचं थोडं. लोकांची गल्लत होते म्हणून सांगते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९ चौरस किलोमीटरचं. त्याचा गाभा किल्ले सिंधुदुर्गाभोवतीचं समुद्राचं पाणी. खाडीतली कांदळवनं वेगळ्या आधारावर जपलेली आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळ तोडायला आणि त्यावर भराव टाकायला मनाई केली, २०१८च्या निकालात ती कायम झाली, आणि कांदळवनाभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम नको असंही आलं. २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. म्हणजे तुम्ही मोडलेली फांदी ही नुसती फांदी नसते.

काठावरच्या माणसाकडून याची दुसरी बाजूही ऐकायला मिळेल. ती ऐकून घ्या, लगेच शहाणपण शिकवू नका. खाडीलगतची खार जमीन बांध घालून पिकवलेली असते. बांध फुटला, वेळेत दुरुस्त झाला नाही, की खारं पाणी शेतात येतं, भात जातो आणि चार-पाच वर्षांत तिथे तिवर उभा राहतो. मग शेत ज्याचं त्यालाही तो तोडता येत नाही. माझ्या ओळखीत अशी शेतं आहेत. याच तिवराच्या मुळांत कोळंबीची आणि काळुंदर माशाची पिल्लं वाढतात आणि वादळात काठ धरून राहतो तोही तिवरच, हे त्या शेतकऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचं म्हणणं बांधाबद्दल असतं. माझ्या मते ते बरोबर आहे.

माझ्या खाडीपर्यंत येणं जमणार नसेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जा. तिथे स्वामिनी बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. झाडांची माहिती अशी सांगतात की माझ्या वर्गातही इतकी नीट कुणी ऐकली नसेल. सावंतवाडी स्टेशनवरून वेंगुर्लं जवळ. आधी फोन करून वेळ घ्या. त्याही वेळ पाण्यावरूनच देतात. मुंबईकरांना एक दिवसच असेल तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र गाठा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं, २०२२ पासून रामसर स्थळ. थंडी-उन्हाळ्यात रोहित पक्षी असतात आणि तिथल्या होड्यांच्या वेळाही भरती-ओहोटीवरच ठरतात. रविवार टाळा.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये सकाळ लवकर संपते, नऊला डोकं तापतं. मेअखेर ते ऑगस्टअखेर होड्या बंद असतात, आणि कुणी "चला, मी नेतो" म्हणालाच तर जाऊ नका. पावसात खाडीला लाल पाणी येतं, वरून ओंडके वाहत येतात.

परत आल्यावर जेवायला काय, हे पाहुणे सकाळीच विचारतात. खाडीवर आलात तर सुरमई-पापलेट मागू नका, ते समुद्राचे आणि मुंबईतही मिळतात. काळुंदर, तांबोशी, शेंगटी, चिंबोऱ्या, तिसऱ्यांचं सुकं, यातलं त्या दिवशी जे आलं असेल ते विचारा. कालवं खायची तर घरच्या बाईने साफ केलेलीच खा, आणि आंबटीत.

कपड्यांचं राहिलं. चिखलाचे कपडे थेट साबणाच्या पाण्यात बुडवू नका, मिठाने फेस येत नाही आणि डाग बसतो. आधी चिखल वाळू द्या, झटकून काढा. मग दोनदा गोड्या पाण्यातून काढा. त्यानंतर साबण. आणि बूट माझ्या विहिरीच्या कठड्यावर धुवायचे नाहीत, मागच्या बाजूला माडाच्या आळ्यात.